कौशीचा कित्ता

३ डिसेंबर १९६८

निवृत्त होऊन नऊ वर्षे झाली, तरी पिंपळगावच्या मराठी शाळेत डिपोटी साहेब तपासणीला आले की रंगराव मला बोलावणे पाठवतो. रंगराव आता हेडमास्तर आहे. एके काळी त्याने माझ्याच समोर बसून धुळाक्षरे गिरवली.

साहेबांनी दुसरीच्या कित्त्याच्या वह्या मागवल्या. सगळ्या चाळून एक बाजूला काढली. "ही कोणाची?"

"गुरुजींच्या नातीची, साहेब. कौशल्या उत्तमराव."

"असं अक्षर मी जिल्ह्यात पाहिलं नाही," साहेब म्हणाले आणि पानाखाली सही केली. पुढचे मला नीट ऐकू आले नाही. डोळ्यांसमोर एकोणीसशे बारा सालची माझी शाळा आली. शेणाने सारवलेली जमीन, बोरूचा कुरकुर आवाज, आणि माझ्या मुठीवर आमच्या पंतोजींची तपकिरीचा वास येणारी मूठ.

मीही कौशीला तसेच शिकवतो. सकाळी ओसरीवर तिला पुढ्यात घ्यायचे, तिच्या मुठीवर माझी मूठ, आणि टाक चालू. मूठ सोडली की अक्षर विस्कटते, पण सात वर्षांच्या पोरीचे ते विस्कटायचेच. सबंध वही अशीच झाली आहे. त्यात खोटे काय? टाक तिच्याच बोटांत असतो.

कित्त्याची ओळ माझी, भुजंगप्रयातात रचलेली. सकाळी उन्हाची पडे शाल दारी. तीस वर्षे प्रत्येक वर्गाला हीच दिली. दुसरी पोरे ती मालगाडीसारखी खडखडवून टाकतात. कौशी एकेक अक्षर सुटे करून म्हणते, सावकाश, मध्ये दम घेऊन. स…का…ळी. यती कुठे घ्यावा याची जाण त्या पोरीला उपजतच आहे.

घरी येऊन सुनेला सांगितले. पुष्पा भाजी चिरत होती. "हाव," म्हणाली. एवढेच. माझी बायको सरस्वती, तिच्या भावाची मुलगी ही. सरस्वतीने हयातीतच भावाला शब्द दिला होता, आणि आमच्यात मामाच्या मुलीचा पहिला मान. घरचीच पोर सून झाली, म्हणून कमी बोलली तरी मला परकी वाटत नाही. पण आज तिने थोडा आनंद दाखवायला हरकत नव्हती.

२१ डिसेंबर

कौशीला पुन्हा ताप. पोळ्यापासून ही पाचवी वेळ. कान वाहतो आहे, छातीत घरघर आहे. डोळ्यांच्या पांढऱ्यात लाल दोरे उमटले आहेत, कोणी बारीक टाकाने ओढावेत तसे. पुष्पा म्हणते, दोन वर्षांपासून आहेत. चुलीचा धूर असावा.

शेजारचा इंद्रभान वांग्याची पाटी घेऊन आला. माझा जुना विद्यार्थी, तोंडाचा फाटका. कौशी उंबऱ्यावरून ओसरीत येताना झोकांडी खाऊन खांबाला धरून उभी राहिली, तर म्हणतो, "काय जी गुरुजी, पोट्टी सकायीच पिऊन आली वाटते!"

"तुझी पोरं उकिरड्यात लोळतात ती बघ आधी."

"लोयतात, पण चालतात तं सरय," म्हणाला आणि हसत निघून गेला. वांगी मात्र ठेवून गेला.

डुलत चालणे आमच्या घराण्याचेच म्हणायचे. कौशीचा थोरला भाऊ असाच डुलायचा. चार वर्षांचा होऊन छातीच्या दुखण्याने गेला. त्याचे नाव मी या वहीत लिहीत नाही.

९ जानेवारी १९६९

कौशीला न्हाऊ घालताना पुष्पाच्या हाताला पोटात गाठ लागली. उजव्या कुशीला, लिंबाएवढी, टणक. कौशी म्हणते दुखत नाही. पण महिन्याभरात ती वाळली आहे हे मला आज उघड्या अंगावर दिसले. कपड्यांत मी ते पाहिलेच नव्हते. मी फक्त वही पाहत होतो काय?

तालुक्याला मोठ्या डॉक्टरकडे नेले. त्याने विचारल्याविना मी सगळे सांगितले. चालायला उशिरा लागली, पडते, जीभ जड आहे, सारखी आजारी असते. त्याने पोट दाबले, डोळ्यांत बॅटरीचा उजेड पाडला आणि माझ्याकडे न पाहता म्हणाला, "हे मूल जन्मतःच अधू आहे. अशी मुलं राहत नाहीत. घरी न्या, जे मागेल ते खाऊ घाला."

कौशी तिथेच उभी होती. येताना एसटीत विचारते, "आबा… अधू… म्हणजे… काय?"

मी म्हणालो, अर्धा चंद्र. अजून पुरा व्हायचा आहे तो.

१५ जानेवारी

काल संक्रांत झाली. कौशीने तीळगूळ वाटला, निम्मा सांडला. गाठ आता बोटांना न शोधता लागते.

उत्तम म्हणाला, "बापू, सांगतलं ना त्या डाक्टरनं. काऊन हाल करता लेकराचे?" तो बाप आहे, त्याला दगड म्हणवत नाही. एक मुलगा पुरला आहे त्याने. त्याला आशा नको आहे, कारण आशा केली की पुन्हा पुरावी लागते.

पुष्पा पदर खोचून उभी राहिली. "मी जाते मामाजीसंग मुंबईले. तुमी वावर पाहा."

माझी चूक मला कळली आहे. त्या डॉक्टरला मी अथपासून इतिपर्यंत खरे सांगितले, आणि त्याने पोरीला बाजूला सारले. ज्या पाटीवर आधीच फुली आहे तिच्यावर कोण उत्तर लिहील? यापुढे जन्मापासून हा शब्द मी तोंडातून काढणार नाही. कित्त्याची वही सोबत घेतो आहे. लोकांना कळू दे ही कोण आहे ते.

२८ जानेवारी, मुंबई

नांदुऱ्याहून गाडी पकडून आलो. मोठा दवाखाना. कौशीला मुलांच्या वॉर्डात खाट मिळाली, आम्ही दोघे धर्मशाळेत. इथले डॉक्टर शालिग्राम म्हणून आहेत, तिशीचे, मेहकरचे निघाले. माझे बोलणे ऐकून हसले. "गुरुजी, वऱ्हाडची बोली ऐकून सहा महिने झाले. बोला, काय म्हणते मंडळी?"

पुष्कळ प्रश्न विचारले. आईबाप नात्यातले का?

"हो तर. मामाची मुलगी," मी सांगितले. यात लपवण्यासारखे काय?

त्यांनी कागदावर काहीतरी लिहून त्याखाली रेघ मारली. आधीची मुले? एक गेला, छातीच्या दुखण्याने. पुन्हा रेघ.

कौशीला त्यांनी नाकाला बोट लावायला सांगितले. बोट गालावर गेले. कौशीला हसू आले, डॉक्टरही हसले, पण डोळ्यांनी हसले नाहीत.

४ फेब्रुवारी

काल शस्त्रक्रिया झाली. गाठ काढली. डॉक्टर शालिग्रामांनी मला बाकावर बसवून समजावले. हा माणूस शिक्षक व्हायला हवा होता.

म्हणाले, "गुरुजी, हात हलवायचा स्नायू आपण सांगू तेव्हा हलतो. आतड्यांत, जठरात दुसरा स्नायू असतो. तो आपल्याला न विचारता जन्मभर काम करतो. त्याला पट्टे नसतात, म्हणून गुळगुळीत स्नायू म्हणतात. ही गाठ त्याची. मोठ्या माणसांत दिसते. एवढ्या मुलीत मी पहिलीच पाहतो."

"मग हिलाच का?"

"शरीरात एक पहारा असतो. बाहेरून शिरणाऱ्यावर नजर ठेवतो, आणि घरातलंच कोणी बिघडलं तर त्याच्यावरही. हिच्या रक्तात तो पहारा फार कमी दिसला. म्हणून कान वाहतो, म्हणून छाती भरते. आणि म्हणूनच ही गाठ वाढली असं मला वाटतं. पण हे माझं अनुमान. पुस्तकात अजून नाही."

विचारल्यावाचून काम करणारा स्नायू! किती सुंदर कल्पना. यावर कविता व्हायला हवी होती. आणि त्यालाच कीड लागावी?

१० फेब्रुवारी

एक गाठ निघाली, पण फोटोत यकृताजवळ आणखी दोन आहेत. त्यांना सुरी लावता येत नाही. वरिष्ठ डॉक्टर म्हणतात विजेचा शेक द्यावा. यंत्रातून किरण सोडतात, दिसत नाहीत, आवाज नाही, गाठ आतल्या आत जळते.

संध्याकाळी शालिग्राम एकटेच आले. खुर्ची ओढून खाटेजवळ बसले.

"गुरुजी, एक नीट आठवून सांगा. ही आत्ता चालताना झोकांड्या खाते, हात थरथरतो. हे आजारात अशक्तपणानं आलं, की जन्मापासून आहे?"

तोच शब्द. माझ्या कानात तालुक्याचा तो डॉक्टर बोलू लागला.

"का विचारता?"

"जन्मापासून असेल, तर मला वेगळा विचार करावा लागेल."

वेगळा विचार म्हणजे काय ते मला ठाऊक होते. घरी न्या, जे मागेल ते खाऊ घाला.

मी म्हणालो, "जन्मापासून? अहो, पोळ्यापर्यंत ही हरणासारखी पळत होती. डोक्यावर कळशी घेऊन विहिरीवरून यायची." कळशी कुठून सुचली देव जाणे. तरी त्यांच्या कपाळावरची आठी गेली नाही. मग मी पिशवीतून वही काढून त्यांच्या हातात दिली. "ही बघा. गेल्या दिवाळीची. डिपोटी साहेबांची सही आहे."

त्यांनी पान उलटले. दुसरे उलटले. सकाळी उन्हाची पडे शाल दारी. मोत्यांच्या ओळी.

"हे हिनं लिहिलंय?"

"हिनंच. दुसरं कोण लिहील?"

पुष्पा खाटेच्या पायथ्याशी उभी होती. मी तिच्याकडे पाहिले नाही.

शालिग्रामांनी वही मिटली. खांदे सैल झाले. "मग मला वाटत होतं ते नाही. असल्या आजारात असं अक्षर शक्यच नाही. बरं झालं दाखवलीत, गुरुजी. माझ्या मनात उगाच एक खूळ शिरलं होतं."

आज मी पोरीची खाट राखली.

२० फेब्रुवारी

शेक सुरू झाला. कौशी म्हणते काहीच लागत नाही, नुसते छताकडे पाहत पडायचे. छतावर पालीचे घर आहे म्हणते.

२६ फेब्रुवारी

दोन्ही गाठी लहान झाल्या! फोटोत स्पष्ट आहे. वरिष्ठांनी माझ्या पाठीवर थाप मारली. उत्तमला कार्ड टाकले. पुष्पाने आज पहिल्यांदा पोटभर जेवण केले आणि म्हणाली, "मामाजी, घरी गेलो की शेगावले जाऊ, तिचे केस देऊ."

मी शाळेतल्या कविता म्हणून दाखवल्या. वॉर्डातली सगळी पोरे ऐकत होती. एक गुजराती बाई आपल्या पोराला थोपटत तालावर मान हलवत होती.

६ मार्च

पोटावरची कातडी लाल झाली आहे. उन्हाने भाजल्यासारखी. नर्स म्हणते असे होते थोडे.

९ मार्च

थोडे नव्हे. कातडी सुटते आहे. तोंडात आतून फोड. पाणी गिळवत नाही. शेक बंद केला, पण भाजणे थांबत नाही. विस्तव काढून घेतला तरी भाकरी जळतच राहावी, असे कोणी पाहिले आहे काय?

शालिग्राम दिवसातून चार-चारदा येतात. यंत्राचे माप पुन्हा पुन्हा तपासतात. "इतकं भाजायला नको होतं. एवढ्याशा शेकानं नाही भाजत," असे स्वतःशीच बोलतात. मला विचारले, "गुरुजी, काही सांगायचं राहिलं का?"

मी म्हणालो, नाही.

१३ मार्च

पुष्पा ओले फडके घेऊन बसून असते. कौशी रडत नाही, कण्हते. कण्हण्यातही तिची ती लय आहे. मला कविता आठवत नाहीत. साठ वर्षे पाठ असलेल्या, आणि एकीचीही दुसरी ओळ येत नाही.

१८ मार्च

उद्या पाडवा. पाडव्याला नव्या पाटीवर सरस्वती काढायची आपली रीत. कौशीला आठवण होती. "आबा… पाटी…"

पाटी कुठली इथे? नर्सने तापाच्या तक्त्याचा कोरा कागद दिला, पेन्सिल दिली. मी नेहमीप्रमाणे तिची मूठ माझ्या मुठीत घेतली. हाडे लागली हाताला.

"आबा… हात… सोडा."

मला वाटले दुखले. सोडला.

तिने एकटीने लिहिले. पाऊण तास लागला असेल. स एवढा मोठा की अर्ध्या कागदावर, का त्याच्या पोटात, ळी दूर पळून गेलेली. शिरोरेषा पायऱ्या चढल्यासारखी. उन्हाची यातला न उलटा झाला. पुढे कागद संपला, जोरही संपला. पेन्सिल खाली पडली.

"हे… माझं," म्हणाली.

पुष्पा तोंडात पदर घालून बाहेर गेली. मी म्हणालो, "फार छान, बेटा. पण रेघ सरळ काढावी." हे मी म्हणालो. हे मी लिहून ठेवले पाहिजे की मी हे म्हणालो.

२३ मार्च

सकाळी नऊच्या सुमारास गेली. खिडकीतून ऊन आत आले होते.

१७ एप्रिल, पिंपळगाव

पंचवीस दिवस काही लिहिले नाही. लिहिण्यासारखे काय होते?

रंगराव आला होता. डिपोटी साहेबांनी सही केलेले पान काचेत घालून दुसरीच्या वर्गात लावायचे म्हणतो. "गुरुजी, पोरायले दिसलं पाहिजे. एवढ्या बिमारीतही पोरीनं कसं लिहिलं." मला नाही म्हणवले नाही. पान काढून दिले. पुष्पा दारात उभी होती. रंगराव गेल्यावर अंगणात केर नसतानाही तिने झाडायला घेतले.

२ मे

इंद्रभान येऊन बसला. नेहमीची बडबड नाही. "गुरुजी, त्या दिवशी मी वंगाळ बोललो पोट्टीले. तोंडच असं माझं." मी म्हणालो, "तू खरं बोललास, बे." तो गोंधळला. मीही गोंधळलो. हे कुठून आले माझ्या तोंडात?

१२ जून

डॉक्टर शालिग्रामांचे पत्र आले. ओसरीवर बसून वाचले, मग पुष्पाला मोठ्याने वाचून दाखवले. इथे थोडक्यात उतरवतो.

कौशी इतकी का भाजली याचा उलगडा अजून झाला नाही, असे त्यांनी लिहिले आहे. परदेशी मासिकात त्यांनी अशा मुलांविषयी वाचले होते, ज्यांना जन्मापासून तोल नसतो, डोळ्यांत लाल रेषा असतात, अंगातला पहारा कमी असतो, आणि आईबाप बहुधा नात्यातले असतात. अशा मुलांना शेक सोसत नाही, आतबाहेर जळतात, असे त्यात होते. "कौशल्येविषयी मला हीच शंका होती. आपली वही पाहून ती फिटली."

पुढे लिहितात: जालन्याकडची नऊ वर्षांची एक मुलगी आली आहे. तशीच चाल, तसेच डोळे, मानेत गाठी. तिला पेन्सिल धरवत नाही. मासिकाप्रमाणे तिला शेक देऊ नये. पण वरिष्ठ म्हणतात, कौशल्येला तो आजार नसतानाही ती भाजली, म्हणजे भाजण्याचा त्या आजाराशी संबंध नाही. यंत्राचे माप चुकले असावे. माप दुरुस्त करून १६ तारखेच्या सोमवारपासून या मुलीला शेक सुरू करायचे ठरले आहे. "मी दोन्ही मुलींविषयी टिपण लिहीत आहे. कौशल्येच्या अक्षराचे एखादे पान पाठवलेत तर जोडता येईल."

वाचून झाल्यावर मी आत गेलो आणि वही काढली. त्यातले सर्वांत सुंदर पान शोधू लागलो. हेही लिहून ठेवतो. पत्र वाचून, समजून, मी सुंदर पान शोधत होतो. अकरावे बरे की चौदावे?

पुष्पा समोर येऊन बसली. माझ्यासमोर ती कधी अशी बसत नाही.

"मामाजी, थे पान पाठवू नका."

"काऊन?"

"हात तुमचा होता."

अंगणात कोंबडी ओरडत होती. मी म्हणालो, "टाक तिच्या बोटांत होता."

"हात तुमचा होता, मामाजी. मले माहीत हाये, तुमाले माहीत हाये. अन् तिलेही माहीत होतं. म्हणून तं म्हणे, हात सोडा."

मी विचारले, "मग तू तिथं बोलली काऊन नाहीस?"

"तुमी बोलून राह्यले होते, मी सून. अन् खरं सांगू? मलेही वाटलं, अधू म्हटलं तं ठेवणार नाही तिले. मीही चूप बसली. कळशी घेऊन येते म्हटलं तुमी, तं मी मान हालवली. तुमी पाह्यलं नाही, पण डाक्टरनं पाह्यलं." तिने डोळे पुसले नाहीत, वाहू दिले. "त्या दुसरीच्या मायले काय माहीत, मामाजी? सोमवार कितीक दूर हाये?"

चार दिवस. पत्राला चार दिवस पुरत नाहीत.

उत्तमला जेवताना सांगितले. सगळे सांगितले, मूठ, वही, कळशी. त्याने घास खाली ठेवला. "म्हंजे वाचली असती?"

"गाठी होत्या, बाळ. ते कोणालाच ठाऊक नाही. पण अशी जळली नसती."

तो उठून वावराकडे गेला. ताट तसेच राहिले. पुष्पाने ते उचलले नाही.

१३ जून

पहिल्या एसटीने खामगावला गेलो. तार ऑफिसातला कारकून किसनराव, माझाच विद्यार्थी, पाया पडला. फॉर्म पुढे केला.

मी लिहिले: अक्षर माझे. मुलीचे नव्हे. दोष जन्मापासून. शेक देऊ नका.

किसनरावने वाचले, पुन्हा वाचले. "गुरुजी, हे काय जी? काही चुकलं काय?"

"जसं आहे तसं पाठव."

"अन् अक्षर काऊन असं? तुमचं अक्षर तं मोत्यावाणी. मले छडी खाऊन खाऊन नाही जमलं."

मी म्हणालो, "तुझं तुझं होतं, किसन. ते बरं होतं." तो हसला. त्याला वाटले म्हातारा गंमत करतो.

तारेमागून पत्र टाकले. त्यात सगळे लिहिले. चालायला उशीर, पडणे, जड जीभ, जिला मी यती समजत होतो, दोन वर्षांचे लाल दोरे, आणि तिच्या गेलेल्या भावाचीही चाल. त्याचे नाव लिहिले. बारा वर्षांत पहिल्यांदा लिहिले. कित्त्याच्या वहीचे पान लावले नाही. तापाच्या तक्त्याचा तो कागद लावला. तेवढाच होता तिच्या हातचा. घडी घालताना न वर घडी पडू नये म्हणून दोनदा उलगडला.

२५ जून

शालिग्रामांचे कार्ड. चारच ओळी.

"बाहेरगावी होतो, तार सोमवारी सकाळी मिळाली. शेक सुरू केला नाही. मुलगी घरी गेली, गाठी आहेत. टिपण बदलले, पान जोडले."

खाली सही. मायना नाही, नमस्कार नाही. बरोबर आहे. मीही घातला नसता.

मी शाळेत जाऊन काचेतले पान मागितले. रंगराव म्हणाला, "राहू द्या ना गुरुजी, पोट्टे पाहतात." मी त्याला कारण सांगितले, दुसरीच्या सगळ्या वर्गासमोर. रंगराव खुर्ची सोडून उभा राहिला, कसे ऐकावे ते त्याला कळेना. एका मुलीने विचारले, "गुरुजी, मग कौशीचं खरं अक्षर कसं होतं?"

दाखवायला माझ्याजवळ काही नव्हते. ते मुंबईला गेले.

घरी येऊन टाक घेतला. म्हटले, जसे होते तसे एकदा या वहीत उतरवून ठेवू. अर्ध्या कागदाएवढा स, त्याच्या पोटात का, पळून गेलेली ळी, उलटा न. आठ-दहा वेळा काढून पाहिले.

जमत नाही. हात सरळच जातो.

सकाळी उन्हाची
सकाळी उन्हाची
सकाळी उन्हाची